नुसतं नाव

माझ्या पाहण्यातले बहुतेक विश्वस्त चहाच्या कपावर विश्वस्त झाले. संस्थेचे सचिव घरी येतात, हातात पेढ्यांचा पुडा असतो, आणि मुख्य विषय निघतो तो जाताना, दारात चपला घालता घालता. ‘एक जागा रिकामी झालीय, तुमच्यासारखा माणूस हवा. तुम्हाला काही करायचं नाही सर, नुसतं नाव द्या. वर्षातून दोन सह्या. बाकीचं आम्ही बघतो.’ समोरचा निवृत्त मुख्याध्यापक असतो, गावातला जुना डॉक्टर असतो, देवस्थान असेल तर एखाद्या वाड्यातला थोरला असतो. त्याला बरे वाटते. नाही म्हणण्यासारखे त्यात काही दिसतही नाही. पुढे सहा-सात वर्षांनी एखाद्या दुपारी पोस्टमन धर्मादाय कार्यालयाचा लिफाफा आणतो. लिफाफ्यावर पत्ता संस्थेचा नसतो, राहत्या घराचा असतो, आणि दार बहुधा बायकोने उघडलेले असते.

या दोन दुपारींच्या मधल्या काळात काय करावे, हे सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

मी धंद्याने सीए. शाळा, वाचनालये, देवस्थाने, वसतिगृहे, तालमी, वृद्धाश्रम अशा संस्थांचे हिशेब तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्यांतल्या दोन संस्थांवर मी स्वतः विश्वस्त होतो, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिले आहे. विश्वस्ताच्या वैयक्तिक जबाबदारीबद्दल मला दोनच मते ऐकू येतात. पहिले, ‘समाजकार्य आहे, फुकट करतो, आपल्याला कोण काय करणार?’ दुसरे, एखादे प्रकरण पेपरात आल्यावर, ‘ती भानगडच नको, राजीनामा देऊन मोकळे व्हा.’ पहिल्या मताने माणसे गोत्यात येतात. दुसऱ्या मताने चांगली माणसे निघून जातात, आणि रिकाम्या खुर्च्यांवर कोण येऊन बसते हे मी सांगायला नको.

आधी मूळ गोष्ट. कंपनी ही कायद्याच्या लेखी स्वतंत्र व्यक्ती असते. कंपनीने देणे बुडवले तर साधारणपणे कंपनी बुडते, भागधारकाचे घर शाबूत राहते. ट्रस्टच्या मागे अशी वेगळी व्यक्ती उभी नसते. मिळकत विश्वस्तांच्या नावे असते, करारावर सही विश्वस्तांची असते, कोर्टात वादी-प्रतिवादी म्हणून विश्वस्तच उभे राहतात. आपल्याकडे १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे. तो जन्मला मुंबईच्या नावाने, आता त्याच्या नावात महाराष्ट्र आहे. धार्मिक किंवा धर्मादाय हेतूने १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली मंडळेही तो सार्वजनिक ट्रस्टच मानतो. त्यामुळे ‘आमचा ट्रस्ट नाही हो, आमचं मंडळ आहे’ हे उत्तर चालत नाही. शिर्डी, सिद्धिविनायक, पंढरपूर यांचे कायदे वेगळे आहेत, त्यांचा विचार इथे केलेला नाही.

मात्र घाबरवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. संस्थेला तोटा झाला म्हणून विश्वस्त देणेकरी होत नाही. कर्तव्य चुकले आणि त्या चुकीमुळे तोटा झाला, तरच तो होतो. कर्तव्याचे मापही काही अचाट नाही. साधा शहाणा माणूस स्वतःच्या पैशाची जितकी काळजी घेतो, तितकी घ्यावी, एवढीच कायद्याची अपेक्षा आहे. अडचण अशी की आपली माणसे स्वतःच्या पैशाची फार काळजी घेतात आणि संस्थेच्या पैशाची सगळे मिळून घेतात, म्हणजे कोणीच घेत नाही.

हे माप ज्या खटल्याने पक्के झाले तो इंग्लंडमधला, १८८३ चा. ब्रॅडफर्डचे गाँट नावाचे गृहस्थ एका कुटुंबाच्या पैशाचे विश्वस्त होते. पंधरा हजार पौंड नगरपालिकांच्या रोख्यांत गुंतवायचे ठरले. दलाल कुटुंबातल्या मंडळींनीच सुचवला होता, बाजारात त्याचे नाव चांगले होते. त्याने खरेदीची चिठ्ठी आणून दाखवली, गाँटनी रिवाजाप्रमाणे धनादेश दिला, आणि दलालाने पैसे खाऊन दिवाळे काढले. पहिल्या न्यायाधीशाने गाँटना जबाबदार धरले. अपिलात आणि शेवटी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये ते सुटले. धंद्यातला शहाणा माणूस असा व्यवहार जसा करील तसाच त्यांनी केला होता, चिठ्ठी मागितली होती, ती पाहिली होती. पंधरा हजार पौंड गेले, तरी गाँटना स्वतःच्या खिशात हात घालावा लागला नाही.

त्यानंतर तीनच वर्षांनी लागलेला दुसरा निकाल प्रत्येक विश्वस्ताने उशाशी ठेवण्यासारखा आहे. ह्यूज नावाच्या गृहस्थाने मृत्युपत्रात दोन हजार पौंड बाजूला काढले. त्यांचे उत्पन्न बाहिन नावाच्या बाईंना हयातभर मिळायचे होते, आणि रक्कम सांभाळायला विश्वस्त म्हणून नेमल्या होत्या ह्यूजच्या तीन मुली. दोघींची लग्ने झालेली होती. तिसरी अविवाहित, आणि कारभार सगळा तिच्याच हाती. तिने पैसे भाडेपट्ट्याच्या घरांच्या तारणावर लावले. असल्या तारणावर पैसे लावायची परवानगीच नव्हती, आणि पुढे तारण कमी पडले. एका विवाहित बहिणीचे तोवर निधन झाले होते. तिच्या नवऱ्याने कोर्टाला सांगितले, माझ्या बायकोने यात कशालाही हात लावला नव्हता, सगळे मेहुणीने केले, तेव्हा भरपाईही तिनेच करावी. न्यायालयाने ऐकले नाही. जी करत होती तिने निदान काहीतरी केले. जी बसून राहिली तिने आपले काम दुसरीवर सोडले, आणि सोडणे ही चूकच. दोघींचे देणे सारखेच.

आपल्याकडच्या १८८२ च्या ट्रस्ट कायद्यात हेच तत्त्व दिसते. तो खासगी ट्रस्टपुरता आहे, पण सार्वजनिक ट्रस्टच्या प्रकरणांतही न्यायालये त्याची तत्त्वे पाहतात. तो कायदा सहविश्वस्ताच्या चुकीबद्दल तुम्हाला सहसा जबाबदार धरत नाही. पण तीन दारे उघडी ठेवतो. पैसे दुसऱ्याच्या हाती देऊन त्यांचे काय झाले हे पाहिले नाहीत. दुसऱ्याला पैसे घेऊ दिले आणि चौकशी केली नाही. किंवा गडबड कळली आणि झाकली, अथवा वेळेत हालचाल केली नाही. ‘बाकीचं आम्ही बघतो’ या वाक्याला मान डोलावणारा माणूस या तिन्ही दारांतून एकाच वेळी आत शिरतो. त्यात दोषी विश्वस्तांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागता येते, ती आपापसात कशी वाटून घ्यायची हे विश्वस्तांनी नंतर बघावे. वसुली करणारा बहुधा ज्याच्याकडे फ्लॅट आणि पेन्शन आहे त्याच्याकडे आधी वळतो. एका वेगळ्या चुकीतला फायदा दुसऱ्या चुकीतल्या तोट्यात वळता करता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

मुदतीच्या कायद्यातले दहावे कलम मी घरी बायकामुलांदेखत वाचायला सांगतो. विशिष्ट हेतूसाठी विश्वस्ताच्या हाती आलेली मालमत्ता किंवा तिचा हिशेब मागणाऱ्या दाव्याला काळाची मर्यादा नाही, आणि हा दावा वारसांपर्यंत पोहोचतो. ‘खूप वर्षं झाली, आता काय होणार’ म्हणणाऱ्यांनी ते कलम एकदा डोळ्यांखालून घालावे.

प्रामाणिक असूनही माणूस किती भरडला जातो याचे मराठी उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित १८९७ च्या ऑगस्टमध्ये मृत्युशय्येवर होते. त्यांनी बोलावून घेतलेले मित्र राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते. बाबामहाराजांनी मृत्युपत्रात ज्यांना विश्वस्त नेमले त्यांत ते, बाळ गंगाधर टिळक, आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डेही होते. इस्टेट कर्जात होती, विधवा ताईमहाराज तरुण होत्या. १९०१ मध्ये औरंगाबादेत जगन्नाथ नावाच्या मुलाचे दत्तविधान झाले असे टिळकांचे म्हणणे. ते झालेच नाही असे ताईमहाराजांचे, आणि त्यांनी कोल्हापूरकडचा दुसरा मुलगा दत्तक घेतला. त्यातून जे सुरू झाले त्याने टिळकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. खोट्या साक्षीच्या आरोपावरून १९०३ मध्ये अठरा महिने सक्तमजुरीची शिक्षा, अपिलात ती सहा महिन्यांवर, आणि १९०४ मध्ये उच्च न्यायालयात पूर्ण सुटका. दिवाणी बाजू त्याहून लांबली. खालच्या कोर्टात जिंकले, उच्च न्यायालयात हरले, मंडालेची सहा वर्षे मधे गेली, आणि १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने शेवटी टिळकांच्या बाजूने निकाल दिला. मित्राच्या शब्दाखातर घेतलेल्या एका विश्वस्तपणाचा हिशेब अठरा वर्षांनी मिटला. टिळक कायद्याचे पदवीधर होते, त्यांच्यामागे वकिलांची फौज होती, आणि ते बरोबर होते. यांपैकी आपल्याकडे बहुधा तिसरीच गोष्ट असते, तीही कधी कधी.

दावा होणार नाही असे कवच मी विकायला बसलेलो नाही. दावा कोणावरही होऊ शकतो. प्रश्न इतकाच की तो झाला, तर तुमच्या बाजूने त्या त्या दिवशी लिहिलेले काही असेल का.

आता महाराष्ट्रातली नेहमीची ठिकाणे, जिथे माणसे पडतात. पहिले पतसंस्थेचे. संस्थेच्या दहा-बारा लाखांच्या ठेवी असतात, गावात पतसंस्था असते, बँकेपेक्षा एखादा टक्का जास्त देते, आणि तिचे चेअरमन आपल्याच एका विश्वस्ताचे व्याही असतात. १९५० च्या कायद्याचे पस्तिसावे कलम पैसे कुठे ठेवायचे ते सांगते: शेड्यूल्ड बँक, पोस्ट, राज्य सरकारने या कामासाठी मान्य केलेली सहकारी बँक, सरकारी रोखे. पतसंस्था म्हणजे सहकारी बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तोही नाही. पतसंस्था चालू आहे तोवर हा फक्त हिशेब तपासनिसाच्या अहवालातला एक शेरा असतो. ती बुडाली की त्याच शेऱ्याला किंमत येते, आणि ती कोणी भरायची हे ठरवताना ‘ठेव ठेवण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर’ हे पान समोर ठेवले जाते.

दुसरे ठिकाण जागेचे. देवस्थानाचे गाळे, शाळेचे मैदान, वाचनालयाचा खालचा मजला. छत्तिसाव्या कलमाप्रमाणे स्थावर मिळकत विकायची, बदलून द्यायची किंवा बक्षीस द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त आणि बिनशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची असेल तरीही लागते. ‘भाडं चांगलं मिळत होतं’ हे त्यावरचे उत्तर नव्हे. तिसरे ठिकाण शाळा आणि दवाखान्यांत. नोकरांच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधीचे पैसे कापले आणि ते भरले नाहीत, तर तो फौजदारी विश्वासघात समजण्याची तरतूद जुन्या दंडसंहितेत होती आणि नव्या न्याय संहितेच्या ३१६ व्या कलमातही आहे. अनुदान उशिरा आले म्हणून कापलेले पैसे पगारात फिरवणारे सज्जन मी पाहिले आहेत. त्यांनी एक रुपयाही खाल्ला नव्हता.

नुकसान झाले तर धर्मादाय आयुक्त चौकशी करून, म्हणणे ऐकून, ते किती आणि कोणामुळे हे ठरवू शकतात आणि ते त्या व्यक्तीवर आकारू शकतात. वारंवार हिशेब न देणे, कर्तव्यात सतत कसूर, मालमत्तेची अफरातफर किंवा विश्वस्तपदाशी विसंगत असे पद घेणे यावरून विश्वस्ताला पदावरून काढताही येते. ही कलमे पुस्तकात पुढे सविस्तर आली आहेत, इथे त्यांची नावे घेऊन ठेवतो.

मला जास्त बोलायचे आहे ते एका नियमाबद्दल, कारण त्याच्याकडे कोणी बघतच नाही. १९५१ च्या नियमांतला एकोणिसावा नियम. हिशेब तपासनिसाने कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यायची याची यादी त्यात आहे. ताळेबंदासोबत जोडलेली ती दोन पाने आकडे नसल्यामुळे कोणी वाचत नाही. त्यात विचारलेले असते: हिशेब नियमित लिहिले का? रोख शिल्लक आणि व्हाउचरे हिशेबाशी जुळतात का? जंगम आणि स्थावर मिळकतीची नोंदवही आहे का? पैसा ट्रस्टच्या हेतूबाहेर खर्च झाला का? वर्षाहून जुनी येणी किती? पाच हजारांवरच्या दुरुस्तीला किंवा बांधकामाला निविदा मागवल्या का? सभा घटनेप्रमाणे झाल्या का, आणि प्रोसिडिंग बुक ठेवले का? गुंतवणुकीत कोणा विश्वस्ताचा हितसंबंध आहे का? कोणी विश्वस्त ट्रस्टचा देणेकरी किंवा येणेकरी आहे का? आणि शेवटाकडे तो खवचट प्रश्न, मागच्या वर्षी दाखवलेल्या चुका सुधारल्या का?

ही यादी म्हणजे आधीच फुटलेली प्रश्नपत्रिका आहे. दर वर्षी तीच येते, पाच हजारांचा आकडासुद्धा आजच्या भावात हास्यास्पद वाटावा इतका जुना. तरी वर्षानुवर्षे आमचे अशील नापास होतात, कारण उत्तरपत्रिका सीएने लिहायची आणि त्यांनी फक्त सही करायची, असा समज रूढ झाला आहे. आमच्या धंद्यातल्या काहींनी ‘नाही’, ‘लागू नाही’, ‘होय’ असे शिक्के बनवून त्या समजाला हातभार लावला आहे, हे कबूल करतो. नव्या विश्वस्ताला मी पहिल्या दिवशी घटना वाच म्हणत नाही. गेल्या तीन वर्षांची ही दोन पाने माग म्हणतो. जिथे ‘होय, खालील टिपेप्रमाणे’ असे लिहिले असेल तिथली टीप वाचायची. ती टीप सभेत मोठ्याने वाचून दाखवायची आणि प्रोसिडिंगमध्ये ‘वाचून दाखवली’ असे लिहवून घ्यायचे. एवढे करणारा विश्वस्त वर्षातून एकदाच अप्रिय होतो, पण बाहिनच्या खटल्यातल्या बहिणींच्या बाकावर बसत नाही.

प्रोसिडिंगबद्दल थोडे अधिक. मराठी संस्थाजीवनातला सर्वांत धोकादायक शब्द ‘अफरातफर’ नव्हे, ‘सर्वानुमते’ आहे. सभेत तुम्ही खुर्चीत चुळबुळता, ‘जरा विचार करू या’ म्हणता, अध्यक्ष हसतात, चहा येतो. आठ-दहा दिवसांनी कारकून वहीत लिहितो, ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’ पुढच्या सभेला ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले’ आणि त्यावर सह्या. तुमची चुळबूळ कुठेच नाही. विरोध नोंदवायची जागा ही दुसरी सभा, इतिवृत्त कायम होण्याआधी. नाव, ठरावाचा क्रमांक, विरोधाचे कारण एका वाक्यात. वहीत लिहू दिले नाही तर त्याच दिवशी पत्र द्यावे, पोच घ्यावी. भांडायची गरज नाही. आवाज चढवून केलेल्या विरोधापेक्षा खालच्या आवाजात लिहिलेला विरोध कोर्टात जास्त ऐकू जातो.

इथे एक फाटा आहे. बहुमताचा ठराव सगळ्यांना बांधतो ही आपली समजूत सहकारी सोसायट्यांतून आली. विश्वस्तांचा मूळ नियम सगळ्यांनी मिळून कारभार करायचा, असा आहे. घटनेत किंवा स्कीममध्ये बहुमताची तरतूद असेल तरच बहुमत पुरते. निजामाच्या जडजवाहिराच्या ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये हे तत्त्व उचलून धरले. तेव्हा ‘पाचपैकी तिघे होते, झालं’ म्हणण्याआधी घटनेचे ते कलम उघडावे. घटनेत ते नसले तर तिघांनी केलेला व्यवहार ट्रस्टचा ठरत नाही, तिघांच्या अंगाशी येतो.

गैरहजेरी हे संरक्षण नव्हे. लागोपाठ चार सभांना न गेलेला विश्वस्त मला ‘मी त्या वर्षी नव्हतोच’ असे विजयाने सांगतो, तेव्हा तो स्वतःविरुद्धचा पुरावा देत असतो.

राजीनाम्याची गोष्ट अशीच. विश्वस्त कोण हे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीवरून दिसते. पत्र अध्यक्षांच्या हातात दिले आणि सुटलो असे वाटते, पण बदल अर्ज, म्हणजे ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो बाविसाव्या कलमाखाली नव्वद दिवसांत जायला हवा. तो गेलाच नाही म्हणून अकरा वर्षांपूर्वी संस्था सोडलेल्या एका बाईंना नोटीस आलेली मी पाहिली आहे. त्यांनी राजीनाम्याची पोच ठेवली होती, म्हणून थोडक्यात निभावले. राजीनामा द्यायचा तर पोच घ्या, चेंज रिपोर्टचा क्रमांक मागा, मिळाला नाही तर कार्यालयाला स्वतः कळवा. हेही लक्षात असू द्या की राजीनामा पुढचे दार बंद करतो, मागचे नाही. तुमच्या काळात घडले त्याचा जाब उरतोच. उलट, नव्याने येणाऱ्याला आधीच्यांच्या चुकांची जबाबदारी सहसा नसते, पण त्या कळूनही गप्प बसला तर ती त्याची होते. म्हणून चार्ज घेताना जंगम वस्तूंची यादी, ठेवपावत्या, सातबारा, चालू दावे यांची पोच दोन्ही बाजूंनी सही करून घ्यावी. चांदीचे मखर यादीत दोन किलोचे आणि तिजोरीत दीड किलोचे असले, तर ते पहिल्याच दिवशी कळणे बरे.

घटनेत ‘सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल विश्वस्त जबाबदार राहणार नाहीत’ असे कलम घालून घेण्याची आजकाल पद्धत आहे, आणि विमा कंपन्या पदाधिकाऱ्यांसाठी पॉलिसीही देतात. दोन्हीला माझा विरोध नाही. खर्च कायदेशीर आणि योग्य असेल तर तो ट्रस्टच्या पैशातून परत घेण्याचा हक्कही विश्वस्ताला आहे. पण असे कलम प्रामाणिक चुकीला झाकते, डोळेझाकीला नाही, आणि विम्याचे अपवाद त्याच्या अटींइतकेच बारीक टाइपात असतात. त्यावर पुस्तकात एक लहान प्रकरण आहे, त्याहून मोठे करण्याइतका ऐवज मला सापडला नाही.

विचारणे हा मात्र खरा आणि दुर्लक्षिलेला मार्ग. १९५० च्या कायद्यात विश्वस्ताला ट्रस्टच्या कारभारातल्या अडचणीवर न्यायालयाचे मत किंवा आदेश मागता येतो, आणि खरी हकिगत सांगून त्याप्रमाणे वागले तर विश्वस्ताने आपले कर्तव्य केले असे मानले जाते. वर्षानुवर्षे चाललेले एखादे देवस्थानी दान आता घटनेत बसते की नाही, दोन वारसांपैकी पुजारीपण कोणाचे, अशा प्रश्नांवर आपण गावकीत वर्षभर भांडतो आणि मग एकाच्या बाजूने सही करतो. त्यापेक्षा आधी विचारलेले बरे. पण ‘विचारायला गेलो तर लक्ष वेधलं जाईल’ ही भीती आपल्या हाडामांसात मुरली आहे. लक्ष शेवटी वेधले जातेच. तोवर आपण विचारलेले असावे की नसावे, एवढाच फरक.

हे लिहिताना एका जुन्या वाचनालयाचे एक विश्वस्त माझ्या डोळ्यांसमोर होते. ते निवृत्त पोस्टमास्तर होते, बोलायला कमी. प्रोसिडिंग बुकात इतरांच्या सह्या असत, यांच्या सहीखाली बारीक अक्षरात एखादे वाक्य आणि तारीख असे. ‘बिल पाहिले.’ ‘तीन निविदा पाहिल्या, कमी दर दुसरीचा.’ ‘माल पाहिला नाही.’ बाकीचे हसत. छपराच्या दुरुस्तीच्या खर्चावरून पुढे तक्रार झाली, चौकशी लागली, आणि सहा विश्वस्तांचे खुलासे वकिलांकडून पंचवीस-तीस पानांचे गेले. पोस्टमास्तरांचा खुलासा एका पानाचा होता, त्यात फक्त वहीतल्या पानांचे क्रमांक होते. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने वही उलटून पाहिली आणि त्यांना विचारले, प्रत्येक वेळी तारीख का घातलीत? पोस्टमास्तर म्हणाले, ‘आमच्याकडे तारखेशिवाय शिक्का मारत नसत साहेब.’